मोकळे हात

माझी धाकटी जाऊ सुप्रिया धावायची तेव्हा दोन्ही हात छातीशी घट्ट धरून धावायची. आमच्या सासूबाईंना, सोनाबाईंना, त्याचं भारी कौतुक. "पोलीस व्हायला निघालीय, पन मर्यादा सोडली नाय बघा," असं त्या शेजारणींना सांगायच्या. मीही मान डोलवायची. पहाटे कशेळ्याच्या रस्त्यावर फोनमध्ये वेळ लावून उभी राहणारी मीच. रोज समोरून तिला तशी येताना बघूनही मला काही कळलं नाही, याचा राग मला अजून येतो.

सुप्रियाची ही शेवटची भरती होती. पुढच्या वेळी वय निघून जाणार. शाळेत असताना ती धावण्यात तालुक्यात पहिली यायची. मग लग्न झालं, रिया झाली, आणि आता आठशे मीटर चार मिनिटांत संपवताना तिच्या तोंडाला फेस यायचा. तिचा नवरा प्रवीण सांगायचा, "अजून जोर लाव, झालं." पुरुषांचं बरं असतं, जोर लावला की झालं!

एका सकाळी ती वाटेतल्या मोरीच्या कठड्यावर बसली ती उठेचना. "ताई, मी नाय जात मैदानी परीक्षेला. माझं अंगच आता धावायचं राहिलं नाय."

घरी नेऊन खांद्याला तेल लावायला घेतलं आणि मी गारच पडले. टी-शर्टाच्या आत एकावर एक दोन ब्रा, त्यावर ओढणीचा फेरा आवळून बांधलेला. खांद्यांवर लालभडक वळ. पावलागणिक छातीत कळ यायची म्हणून ती हातांनी धरून धावत होती, आणि ओढणी आवळली की श्वास पुरत नव्हता. गावानं जिला मर्यादा म्हटलं ते निव्वळ दुखणं होतं.

"मला सांगायला काय झालं होतं गं?" मी ओरडलेच.

"काय सांगू? बाईमानसाला हे असायचंच, असं सगल्याच म्हनतात," म्हणाली आणि रडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी धावायची ब्रा घ्यायला कर्जतच्या बाजारात गेलो. गल्ल्यावरच्या माणसानं माप विचारलंच नाही. एकदा नजर टाकली आणि पाकीट पुढे सरकवलं. आम्हीही माना खाली घालून ते पिशवीत कोंबलं आणि सुटलो. घरी उघडलं तर नुसतं ताणणारं बनियन. दहा उड्यांत त्यानं हात टेकले.

मग फोनवरून चांगली स्पोर्ट्स ब्रा मागवायचं ठरलं. तिथे आकडा हवा होता. इथे मी माझी हुशारी चालवली. कशेळ्याच्या नाक्यावर अंबूबाई तीस वर्षं ब्लाऊज शिवतात. त्यांच्या वहीत सुप्रियाच्या नावापुढे लिहिलं होतं चाळीस. मी चाळीस मागवली. आली ती दिसायला झकास, पण खालचा पट्टा सैल. दोनशे मीटरच्या आत वर सरकून गळ्याशी गोळा झाली. सुप्रियानं तिची नीट घडी केली आणि पाकिटात घातली. "परत पाठवा, ताई. आनि मलाबी आता घरीच ऱ्हाऊ द्या." या वेळी ती रडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी तिला हाताला धरून अंबूबाईंकडे नेलं आणि भांडायलाच उभी राहिले. "असलं कसलं माप लिवलंय तुमी?"

"अगं येडे, चालीस तं ब्लाऊजचं माप!" अंबूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हात उचलता यावा म्हनून त्यात ढिलाई सोडलेली असते. आनि ते तरी कवाचं? तुमीच मापाचा ब्लाऊज आनून टाकता नि जाता. हिचा आला तो रियाच्या बारशाचा. तवा ही अंगावर पाजत व्हती. मी हिला अजून टेप लावलेलीच नाय!"

खरंच होतं. आमच्याकडे मापाला ब्लाऊज जातो, बाई जात नाही.

अंबूबाईंनी दुकानाचा पडदा ओढला आणि टेप छातीच्या खाली, बरगड्यांवर, घट्ट फिरवली. चौतीस. मग छातीवरून. अडतीस. आम्ही फोनवरचा तक्ता उघडला. आकडा खालच्या घेराचा धरायचा आणि दोन मापांतल्या फरकावरून पुढचं कपाचं अक्षर, एवढं साधं गणित होतं ते. "भार खालच्या पट्ट्यानं पेलायचा, खांद्यानं नाय," अंबूबाई म्हणाल्या. "कलशी कशी आपन कंबरेवर घेतो, तशी."

बदलून आली ती आम्ही थेट त्यांच्या दुकानातच उघडली. रुंद पट्ट्यांची, पाठीला हूक असलेली. "मार उडी," अंबूबाईंनी हुकूम सोडला. सुप्रियानं घाबरत एक मारली. मग दुसरी. दहाव्या उडीला ती हसत होती आणि साठीच्या अंबूबाई टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या सकाळी वळणावरून ती आली तेव्हा मी आधी तिला ओळखलंच नाही. दोन्ही हात मोकळे, मागेपुढे झपाझप. मी तिच्याकडे बघतच राहिले आणि फोनवरचं बटण दाबायचं विसरले. "ताई, किती?" तिनं धापा टाकत विचारलं. मी खोटंच तोंडाला आलं ते सांगितलं. तिनं मला ढकललं आणि पुन्हा धावली. तीन मिनिटं आठ सेकंद.

मैदानी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ती ब्रा धुतली आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे मागच्या दोरीवर टॉवेलखाली वाळत घातली. दुपारी बघते तर नुसता टॉवेल लोंबतोय. धावतच पुढच्या अंगणात आले. तिथे भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, सासूबाई ती दोरीला चिमटे लावून अडकवत होत्या.

"आय, लोक बघतील ना!"

"बगू देत," त्या वळल्याही नाहीत. "टावेलाखाली वलीच ऱ्हाते ती. उद्या पोरीला हात मोकले लागतील."