तळ्यात ओतलेलं लवंगतेल

त्या माणसाचा मला राग येत नाही. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते.

मी बारामतीच्या एका कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. कळस गावात आमच्या दिरांनी शेततळ्यात कोळंबी सोडली होती. गेल्या उन्हाळ्यात तिच्या कवचावर काळे डाग पडू लागले, मिशा झडू लागल्या. जिवाणूंचा रोग आहे एवढं मी सांगितलं. औषध मला ठाऊक नव्हतं. मग भावजींनी तळ्यांची औषधं विकत फिरणाऱ्या त्या माणसाला बोलावलं.

कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, त्यावर स्वतःच छापून घेतलेलं 'तज्ज्ञ'. पाण्यात बोटही न बुडवता त्यानं लवंगतेलाच्या बाटल्या काढल्या.

"शंभर टक्के वनस्पती. अपाय न्हाय."

"किती पाण्याला किती घालायचं?" मी विचारलं.

त्यानं उत्तर भावजींना दिलं. "झाडपाल्याला माप नसतंय, शेठ."

"दुखरी दाढ बधिर करायला हेच तेल आपण थेंबानं लावतो. ही कोळंबी बोटाएवढी आहे."

"ताई, पुस्तकातलं येगळं, तळ्यातलं येगळं."

भावजी हसले. मला ते हसणंच जास्त लागलं.

त्यानं काठावरून बाटल्या उपड्या केल्या. तेल पाण्यात मिसळत नाही हे फोडणी देणाऱ्या कुणालाही कळतं. तज्ज्ञाला कळलं नाही. सकाळी तळ्यावर तवंग होता आणि कोळंबी काठाला आडवी पडली होती. भावजी गुडघाभर पाण्यात उभे राहून ती पाटीत वेचत होते.

"वहिनी, मी हसाय नको व्हतं."

मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात मला सुख वाटलं, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

वाचलेली कोळंबी मी तीन टबांत ठेवली. पहिल्या टबातलीला तेच तेल थेंब मोजून, अंड्याच्या बलकात घोटून खाद्याला चोळून दिलं. दुसरीला नुसतं खाद्य, पण पाणी रोज बदललं. तिसरी होती तशीच ठेवली. तिसरी मेली. तेलवालीवर नवे डाग कमी पडले. पाणी बदललेलीवर त्याहून कमी. म्हणजे तेल अगदीच खोटं नव्हतं. त्याला टाकाऊ ठरवायला मी टपून बसले होते, ते काही जमलं नाही.

महिन्याभरानं तो पुन्हा उगवला. दुसऱ्या टबातली तुकतुकीत कोळंबी बघून त्यानं मोबाइल काढला.

"बघा शेठ, माल कसा लागू पडला!"

"त्यात तुमचं तेल न्हाय," भावजी म्हणाले. "वहिनी रोज पाणी बदलत्यात."

"फोटोत कुठं कळतंय?" म्हणत त्यानं फोटो काढलाच, आणि निमगाव केतकीच्या एका तळ्याकडं निघाला.

ते तळेवाले भावजींच्या ओळखीचे होते. भावजींनी लगेच फोन लावून आमच्या तळ्याचं काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी दोन बाटल्या घेतल्या.

"पर फोटो बघितला की मी," ते भावजींना म्हणाले.