धुळाप्पांचा उजवा स्पीकर

सोलापूरच्या भवानी पेठेत धुळाप्पा बिराजदारांना नावानं ओळखणारे लोक थोडेच. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून हयात काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर ‘रिसिव्हरवाले काका’ झाला होता. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली असल्यामुळं ती काढून घेणारं कुणी नव्हतं.

रिसिव्हर जपानी बनावटीचा. काळा, जड, पुढं चांदीच्या रंगाची बटणं. रेडिओ त्यातच होता. कॅसेटचा डेक आणि सीडीचा डबा त्याला जोडायचा, आणि मागनं निघालेल्या तारा दोन बाजूंच्या दोन स्पीकरांना जायच्या. तो आणला होता सिद्धेश्वरीबाईंच्या भावानं. शिवलिंगप्पा तेव्हा मस्कतला गॅरेजात कामाला होता. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा बहिणीच्या पुढ्यात खोका ठेवून म्हणाला, “अक्का, तुला गाण्याची हौस. तुझ्यासाठी आणलंय.” सिद्धेश्वरीबाईंनी खोक्याला हळदीकुंकू लावलं, आणि त्यांचा त्या यंत्राशी संबंध तिथंच संपला. खोका फोडला नवऱ्यानं, तारा जोडल्या नवऱ्यानं, आणि “याला बायकांनी हात लावायचा न्हाय, करंट असतोय” हा कायदाही त्याच संध्याकाळी नवऱ्यानंच केला. मिक्सर, इस्त्री आणि पाण्याची मोटर यांत करंट नसतो, असं धुळाप्पांचं मत असावं. ती खाती बायकोकडंच राहिली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी बैठक भरायची. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, टेप लावून मोजलेल्या जागी, धुळाप्पांची वेताची खुर्ची. बाकीचे श्रोते भिंतीकडेला सतरंजीवर. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मान डोलवायची तर धुळाप्पांनी डोलवल्यावर. गाणं संपलं की धुळाप्पा डोळे उघडून विचारत, “तबला कुटनं आला?” सगळ्यांनी म्हणायचं, “उजवीकडनं.” मग ते समाधानानं म्हणत, “याला म्हणतेत स्टिरिओ.” सतरंजीवर बसणाऱ्यांना तबला, पेटी, गाणारा सगळं एकाच भोकातनं आल्यासारखं वाटायचं, पण चहा आणि चुरमुऱ्यांचा गरमागरम सुशीला फुकट असल्यामुळं ते त्यांना हवं ते उत्तर देत. चहा-सुशीला स्वयंपाकघरातनं यायचा. सिद्धेश्वरीबाई गाणं ऐकायच्या ते कढईच्या आवाजापलीकडनं.

एका रविवारी मात्र जोतिरामनं घोटाळा केला. जोतिराम म्हणजे एसटीतला निवृत्त कंडक्टर, बैठकीचा सर्वांत जुना श्रोता. तबला कुठनं आला असं विचारल्यावर तो म्हणाला, “तबला आलाच न्हाय की काका. उजवा बॉक्स लई दबतोय.”

स्वयंपाकघरात सिद्धेश्वरीबाईंचा झारा थांबला.

“जोतिराम,” धुळाप्पा म्हणाले, “तुझ्या कानात अजून एसटीचं इंजिन चालू हाय. डॉक्टरला दाखव.”

जोतिराम सुशीला अर्धा टाकून उठला. पुढच्या रविवारी तो आला नाही. तो आला नाही म्हणून धुळाप्पांनी बैठकीला सांगितलं की, काही लोकांची कानाची पात्रताच नसते. पण दुपारी सगळे गेल्यावर ते उजव्या स्पीकरला कान लावून गुडघ्यावर बसलेले सिद्धेश्वरीबाईंना दिसले. तालुक्याचा डॉक्टर म्हाताऱ्याची छाती तपासतो तसे.

“काय झालं वो?”

“काय न्हाय. धूळ बगतोय.”

दोष शोधायची पहिली पायरी त्यांनी बरोबर टाकली, हे मान्य करायला हवं. रिसिव्हरच्या मागच्या दोन्ही तारांची अदलाबदल केली. उजव्याची डाव्याला, डाव्याची उजव्याला. तसं करताच उजवा स्पीकर खणखणीत बोलू लागला आणि डावा दबला. सून पूनम दारात उभी राहून बघत होती. ती एका शाळेत गणित शिकवायची. नवरा पुण्यात कंपनीत, म्हणून ती सासू-सासऱ्यांजवळ. ती म्हणाली, “मामा, तारा बदलल्यावर दबणारी बाजू बदलली. म्हणजे स्पीकर चांगले आहेत. दोष रिसिव्हरमध्ये.”

“रिसिव्हर जपानी हाय, पूनम.”

“जपानी असला तरी तीस वर्षांचा झाला की.”

“जपानी माणूस बगितलाईस का? शंभर वर्षं जगतोय.” धुळाप्पांनी तारा होत्या तशा लावल्या आणि निकाल दिला, “स्पीकर इथल्या सुतारानं केलेले. दोष त्यांच्यातच असणार.”

पुरावा एकीकडं आणि निकाल दुसरीकडं, हे कारखान्यात वर्षानुवर्षं चालायचं. घरी का चालू नये? नवीपेठेतनं नवे स्पीकर आले. जुने, बिचारे निर्दोष, माळ्यावर गेले. नव्यांतला उजवा जुन्यातल्या उजव्याइतकाच दबला.

मग खोलीवर संशय आला. सिद्धेश्वरीबाईंचं कपाट उजव्या भिंतीला होतं. ते आवाज पितंय, असं धुळाप्पांच्या लक्षात आलं. कपाट ओढून स्वयंपाकघराच्या वाटेत उभं केलं गेलं. त्या दिवसापासून सिद्धेश्वरीबाई चहाचा ट्रे डोक्यावर धरून, अंग आडवं करून स्वयंपाकघरातनं बाहेर यायला लागल्या. आवाज दबलेलाच.

“फरशी उताराला हाय,” धुळाप्पा म्हणाले. त्यांनी फरशीवर गोटी सोडली. गोटी डावीकडं गेली. उजव्या स्पीकरखाली विटा आल्या, मग विटांखाली आणखी विटा, शेवटी तो स्पीकर नवरदेवासारखा उंच आसनावर बसला आणि तसाच मुका राहिला. मग विजेचा दाब. मग भिंती. मोकळ्या भिंतीवर आवाज आपटून फुटतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. घरातल्या सगळ्या सोलापुरी चादरी, लग्नात आलेल्या, बारशाला द्यायला राखून ठेवलेल्या, चौकटींच्या, मोरांच्या, खिळे ठोकून भिंतीभर टांगल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यावरनं एक अनोळखी बाई वर आली, आत डोकावली आणि म्हणाली, “डबलबेडची कितीला हो?”

धुळाप्पांनी दार लावून घेतलं. सिद्धेश्वरीबाई मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून हसल्या. पूनम पण मागनं आली. सासू-सुना एवढ्या हसल्या की नळ सोडावा लागला.

पण हसण्यावारी जाईना. रविवारी सतरंजीवर माणसं कमी व्हायला लागली; सुशीला सकाळचा संध्याकाळी खावा लागला. धुळाप्पा चिडचिडे झाले. भांडं वाजलं तरी, “जरा गप बसा की, कान देतोय!” कान ते पूर्वीपासून फक्त स्पीकरालाच देत आले होते. बायकोनं “गुडघा लई दुखतोय” म्हटलेलं त्यांच्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं, डावीकडनं म्हटलं काय किंवा उजवीकडनं.

अशात माढ्याहून पुतण्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं. गुडघ्यामुळं सिद्धेश्वरीबाई राहिल्या. निघताना धुळाप्पांनी चप्पल घालता घालता रिसिव्हरकडं बोट केलं. “हात लावायचा न्हाय.”

“करंट असतोय,” सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या.

ते गेले तसं पूनमनं मोबाईल काढला. तिनं आदल्या आठवड्यातच वाचून ठेवलं होतं. जुन्या रिसिव्हरची फिरती बटणं वापरात नसली की आतल्या पट्टीवर धूळ नि गंज बसतो आणि एका बाजूचा आवाज नीट पोचत नाही. तिनं मामांना सांगितलंही होतं. मामांनी मोबाईलवरचं ज्ञान आणि रस्त्यावरची भजी एकाच लायकीची ठरवली होती.

“आत्या, बॅलन्सचं बटण शेवटचं कधी फिरवलं होतं?”

“ते फिरवायचं असतंय व्हय?” सिद्धेश्वरीबाईंनी जवळ जाऊन बघितलं. डाव्या-उजव्या बाजूचा आवाज कमीजास्त करायच्या बटणावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. फार पूर्वी एका भाच्यानं ते फिरवलं होतं. त्याला धपाटा घालून धुळाप्पांनी बटण बरोबर मध्यावर आणून वरनं पट्टी मारली होती. त्यानंतर त्याला कुणी शिवलं नव्हतं. नुसती पूजा झाली होती. आवाजाचं मोठं बटणही ठरलेल्या खुणेच्या पुढं-मागं कधी गेलं नव्हतं.

पूनमनं आधी प्लग काढला. मग चिकटपट्टीला नख लावलं आणि थांबली. “तुम्हीच काढा, आत्या. मामांनी विचारलं तर मी शाळेत होते.”

सिद्धेश्वरीबाईंनी पट्टी ओढली. ती सुकलेल्या पापडासारखी तुटत आली. मग दोघींनी आळीपाळीनं बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, परत, पुन्हा, आत काही अडखळतंय ते सुटेपर्यंत. भाकरीचं पीठ मळणाऱ्या हाताला हे जड नव्हतं. प्लग लावला, कॅसेट घातली. आधी दोन्हीकडनं खरखर, मग उजवीकडनं एकदम तबला.

“अय्यो!” सिद्धेश्वरीबाई दचकल्या.

“काय लावू तुमच्यासाठी?”

हा प्रश्न त्या घरात नवा होता. सिद्धेश्वरीबाईंनी बराच वेळ घेतला. अक्कलकोटजवळच्या माहेरी, लहानपणी, गुलबर्गा आकाशवाणीवर सकाळी लागणारं एक कन्नड गाणं त्यांनी गुणगुणून दाखवलं. शब्द अर्धेच आठवत होते. पूनमनं मोबाईलवर शोधलं, वायर जोडली.

“तिथं नाही, आत्या. खुर्चीवर बसा.”

“ती त्यांची हाय.”

“ते माढ्याला आहेत.”

सिद्धेश्वरीबाई खुर्चीच्या कडेला, एसटीत दुसऱ्याच्या सीटवर बसल्यासारख्या टेकल्या. गाणं सुरू झालं. बासरी डावीकडनं आली, झांज उजवीकडनं, आणि गाणारी बाई समोर, भिंतीपाशी, जिथं कुणीच नव्हतं तिथं उभी राहून गायला लागली. सिद्धेश्वरीबाईंनी हात पुढं केला, मग ओढून घेतला.

“अगं, मधोमध गातीय की ही!” त्या म्हणाल्या. “हे असं असतंय व्हय?”

इतकी वर्षं घरात स्टिरिओ होता. ज्या बाईसाठी आणला, तिनं तो पहिल्यांदा ऐकला. गाणं संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि कडेवरनं मागं सरकून नीट, पाठ टेकून बसल्या. डोळ्यांतनं पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. पूनमनं बघितलं नाही असं दाखवलं. मग सिद्धेश्वरीबाई उठल्या, भिंतीवरच्या चादरी एकेक करून उपसल्या आणि भिजत घातल्या. बारशाच्या चादरींना खिळ्यांची भोकं पडली होती. त्या दिवशी त्यांना खरा राग आला तो त्या भोकांचा.

धुळाप्पा शनिवारी रात्री उशिरा परतले आणि रविवारी सकाळी घाईघाईनं बैठक घेतली. जोतिरामलाही पूनमनं मुद्दाम बोलावलं होतं. गाणं लागलं. धुळाप्पांचे डोळे मिटले, मग उघडले, मग मोठे झाले. तबला उजवीकडनं येत होता, पूर्वीसारखा.

“काका, सुटला की बॉक्स!” जोतिराम म्हणाला.

धुळाप्पांनी क्षणभरच विचार केला. “सुटणारच. संशोधन केलंय मी. भिंतीला चादरी लावल्या. जाड सोलापुरी चादर आवाज धरून ठेवतीय. हे जपान्यांना पण म्हाईत न्हाय.”

ट्रे घेऊन अंग आडवं करून आलेल्या सिद्धेश्वरीबाई दारातच थांबल्या. “अवो, चादरी कुटं हायत?”

सगळ्यांनी भिंतींकडं बघितलं. भिंती उघड्या होत्या. नुसते खिळे.

“धुतल्या मी,” त्या म्हणाल्या. “बटणाची चिकटपट्टी पण मीच काढली. आत गंज बसला हुता, पूनमनं नि मी फिरवून फिरवून घालवला. करंट लागला न्हाय.”

जोतिरामनं सुशील्याच्या बशीत डोकं घातलं. कुणाच्या तरी घशात चुरमुरा अडकला. धुळाप्पा भिंतीकडं बघत अत्यंत शांतपणे म्हणाले, “चादरी काढल्या तरी परिणाम भिंतीत मुरलेला असतोय.”

असा माणूस हरत नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी पेठेतल्या दोन घरांत टीव्हीचा आवाज सुधारण्यासाठी चादरी ठोकल्या, आणि एका घरातनं त्यांना खिळ्यांसकट परत पाठवण्यात आलं. बटणांना मात्र त्यांनी पुन्हा पट्टी मारली नाही. पूनम शनिवारी पुसताना ती एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला फिरवते. ते पेपर तोंडापुढं धरून बसतात.

परवा ते बाजारातनं भाजी घेऊन आले तर गाणं चालू होतं, कन्नड. मधल्या खुर्चीत सिद्धेश्वरीबाई, पाय स्टुलावर, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी. धुळाप्पा भाजीची पिशवी हातात धरून उभे राहिले, घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

“उठतीस का?”

“साकु,” त्या म्हणाल्या. माहेरच्या भाषेत, म्हणजे पुरे.

धुळाप्पांनी भाजी खाली ठेवली. मग भिंतीकडेला सतरंजीवर बसले, जन्मात पहिल्यांदा. कान दिला. कपाळाला आठ्या पडल्या.

“अगं, हितनं नीट कळंना. सगळं एकाच बाजूनं येतंय.”

“तितनं तसंच येतंय,” सिद्धेश्वरीबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “भाजी आत ठेवा. आणि जाताना अंग आडवं करा, वाटेत कपाट हाय.”