अष्टमीच्या पुलावरचा फ्लेक्स

राज्य तिरंदाजी स्पर्धेसाठी माझी निवड झाली, ही बातमी मला अष्टमीच्या पुलाशी कळली. निवड चाचणी अजून व्हायची होती. ती रविवारी होती, पेणला, आणि त्या दिवशी बुधवार होता.

पुलाच्या तोंडाशी विजेच्या दोन खांबांना बांधून माझा फ्लेक्स लावला होता. हातात धनुष्य होतं, पण ते माझं नव्हतं. धड कुठल्या तरी परदेशी खेळाडूचं होतं आणि त्यावर माझं डोकं बसवलं होतं. चेहरा चुलतबहिणीच्या लग्नातल्या फोटोतला, त्यामुळे गळ्यात ठुशी आणि केसांत गजरा. वर मोठ्या अक्षरांत ‘निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि खाली ‘शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ’. तारीख कुठेच नव्हती.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं म्हणतात. आमच्याकडे तर भट फ्लेक्स छापून मोकळा झाला होता. वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो, नाहीतर कुणी नवीन गाडी घेतलेली असो, इथे फ्लेक्स लागतोच. मला वाटलं, गावातल्या मंडळाच्या पोरांना दम निघाला नाही. चाचणीला जाते म्हणजे निवडलीच, असा त्यांचा हिशेब असणार. मला इतका राग आला की हसूसुद्धा आलं, आणि मग भीती बसली ती रविवारपर्यंत गेली नाही.

कारण मी अडकले होते, आणि हे फक्त मला आणि तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांना माहीत होतं.

धनुष्यावर धातूची एक पातळ पट्टी असते, तिला क्लिकर म्हणतात. दोरी पुरेशी मागे ओढली की बाणाचं टोक तिच्याखालून निसटतं, टक् असा आवाज येतो, आणि त्या आवाजावर बाण सोडायचा. गेले दोन महिने माझं टक् होत नव्हतं. दोरी हनुवटीला लागायची, निशाणाचा पिवळा गोल समोर दिसायचा आणि शेवटच्या नखभर अंतरावर माझी पाठ दगड व्हायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाण न सोडताच मी धनुष्य खाली घ्यायचे.

घरी हे सांगायची सोय नव्हती. बाबांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या आत्याने, पेणजवळच्या तिच्या गावातलं एक स्थळ आणलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण त्या घरच्यांनी आधीच विचारलं होतं, “लग्नानंतर ते धनुष्यबाण सोडेल ना?” आणि आत्याने माझ्या वतीने होकार देऊन टाकला होता. बाबांना आत्याने लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेलं. कंपनीत साहेबाशी भांडणारा हा माणूस तिच्यापुढे मात्र मान खाली घालून बसतो. त्यांनी मला सांगितलं होतं, “या वर्षी निवड झाली तर खेळ. नाय झाली तर आत्या म्हणते तसं करू.” मी हो म्हटलं. दुसरं म्हणणार काय?

आमचं घर वरश्याला आणि सरावाचं मैदान अष्टमीला. मधे नदी, म्हणून मधे पूल. रोज जाताना एकदा आणि येताना एकदा मला स्वतःच्याच हसऱ्या तोंडाखालून जावं लागे. भाजीवाली म्हणाली, “अगो, नाव काढलंस!” रिक्षावाल्याने थांबून पेढे कधी देणार ते विचारलं. मी प्रत्येकाला सांगत होते की अजून चाचणी व्हायची आहे. त्यावर सगळ्यांचं उत्तर एकच, “ती काय, होईलच!” मला त्यांचं तोंड बंद करावंसं वाटायचं. माणसं वाईट बोलली असती तर मी भांडले तरी असते.

सरांनी बाण मारायला बंदी केली. “आता हाताचा सराव पुरे. डोळे मिटून बस आणि मनात मार. उभी राहा, धर, ओढ, टक्, सोड. मनात टक् ऐकू आलं पाहिजे.” मी मैदानाच्या कडेला पायरीवर बसून डोळे मिटायचे. मनात उभी राहायचे, धरायचे, ओढायचे. समोर पिवळ्या गोलाच्या जागी गजरा घातलेलं माझंच तोंड यायचं. मनातसुद्धा हात अडकायचा. स्वतःच्या मनात, जिथे वारा नाही, पंच नाहीत, तिथेही मला एक बाण सोडता येत नव्हता. याची मला खरोखर भीती वाटली.

मी घरी येऊन बाबांना म्हटलं, “तो फ्लेक्स उतरवायला सांगा पोरांना.”

“राहूदे,” बाबा म्हणाले.

“अहो, पण खोटं आहे ते!”

“राहूदे म्हटलं ना.” आणि ते शिफ्टला निघून गेले. मी आईकडे बघितलं, तर ती वालाच्या शेंगा निवडत होती आणि मान वर करायचं नाव नाही.

शनिवारी आत्या आली. ती येणार म्हणून संध्याकाळी शेतात पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वर परत पाला दाबून तोंड बंद, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. एकदा जाळ केला की उघडून बघायचं नसतं. मी त्या मडक्याकडे बघत बसले होते आणि आतल्या शेंगांची मला कीव येत होती.

आत्या शेकोटीशी बसली ती फणकाऱ्यानेच. “पुलावर पाटी बघितली गो तुझी. येवढी निवड झाली, सगळ्या गावाला म्हायती, न मला नाय? आता मी त्या लोकांना काय सांगू?” मग बाबांकडे वळून, “खरंच झाली काय रे निवड?”

मी तोंड उघडलं. आईने माझा गुडघा इतक्या जोरात दाबला की मी गप्प झाले.

बाबा काठीने जाळ सारखा करत होते. मान वर न करता म्हणाले, “व्हय. झाली.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गजऱ्याचा तो फोटो फक्त बाबांच्या मोबाइलमध्ये होता. मंडळाच्या पोरांचा यात काही संबंधच नव्हता.

आत्या हात धुवायला विहिरीकडे गेली तशी मी बाबांना गाठलं. त्यांनी मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते चर्र करून उडाले, म्हणजे पोपटी झाली होती. “तिच्या तोंडावर मला नाय म्हणता येत नाय,” बाबा म्हणाले. “कधीच नाय आलं. म्हटलं, पाटी बोलंल.”

“आणि उद्या निवड झाली नाही तर?”

“तर लोकं मला हसतील. फ्लेक्स माझा हाय. तू तुझे बाण मार.”

हे ऐकून मला मोकळं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. आतापर्यंत अडकलेली मी एकटी होते. आता बाबाही आत आले होते आणि बाहेर यायची वाट माझ्या त्या अडणाऱ्या हातातून जात होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सोललेलं अंडं मी आईच्या हातात दिलं.

आणि रविवारी आत्या आमच्याबरोबरच पेणला आली. तिला घरी परत जायचंच होतं. “निवड झाली, तर आता परत कसली परीक्षा?” असं तिने वाटेत विचारलं. बाबा म्हणाले, “सराव हाय.” मैदानावर आत्याने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि अगदी पुढे, हद्दीच्या दोरीला लागून बसली. तिने मला कधी बाण मारताना बघितलं नव्हतं.

माझी पाळी यायच्या आधी मी डोळे मिटले. उभी राहा, धर, ओढ. मनात पुन्हा पूल आला, पुन्हा ते तोंड. पण या वेळी त्याखाली, कोपऱ्यात, मोबाइल हातात घेऊन फ्लेक्सच्या दुकानात उभे असलेले बाबा दिसले. हा फोटो लावा, असं सांगताना कसे अवघडले असतील ते! टक् ऐकू आलं नाही. पण मला त्यांची इतकी माया वाटली की मी भीती थोडा वेळ विसरले.

पहिल्या फेरीत मी तीनदा धनुष्य खाली घेतलं. वेळ संपली म्हणून एक बाण हातातच राहिला. दुसऱ्या फेरीत पाठ पुन्हा दगड झाली, आणि मग, मी वाट बघणं सोडल्यावर, टक् झालं. मग पुढच्यालाही झालं. शेवटच्या फेऱ्यांत मी चांगलं मारलं, खरंच चांगलं. पण गेलेला बाण परत येत नाही आणि न सोडलेला तर त्याहून नाही.

दुपारी माइकवरून निवड झालेल्यांची नावं वाचली. माझं नाव आलं नाही.

बाबा जमिनीकडे बघत उभे होते. मी आत्याकडे बघायची हिंमत करत नव्हते. ती खुर्चीतून उठली, पदर सारखा केला आणि आधी बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

“म्हंजे तू माझ्याशी खोटं बोललास.”

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

“जन्मात पयल्यांदा.” तिने बाबांच्या खांद्यावर एक चापट मारली. “मी काय वाघीण हाय काय रे? नाय म्हणायचं व्हतं.” मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र नेहमीसारखाच करडा. “तू तो बाण धरून उभी राहिलीस ना गो, सुटंना, तेव्हा माझाच जीव अडकला इथं. त्या लोकांना काय सांगायचं ते मी बघते.”

बाबा हळूच म्हणाले, “जाताना तो फ्लेक्स उतरवतो.”

“कशाला?” आत्या म्हणाली. “तारीख हाय काय त्याच्यावर? राहूदे पुढच्या वर्षीपर्यंत.”