बर्फाच्या आदल्या दिवशी गाडी धुतली

बर्फावर गाडी घसरते तेव्हा आवाज होत नाही. हे मला इथं अमेरिकेत आल्यावर कळलं. घाटात मी उभा जन्म जीप चालवली. तिथं गाडी सरकली तर टायर ओरडतात, खडी उडते, आतली माणसं देवाला हाका मारतात. इथं मागच्या हिवाळ्यात सूनबाईनं सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी तशीच पुढं गेली, शेवाळलेल्या पायरीवरून पाय जावा तशी, गुपचूप. मागं मी आणि बायको. चौक रिकामा होता म्हणून वाचलो. पण तेव्हापासून त्या सिग्नलला मी पुढची सीट घट्ट धरतो, उन्हाळ्यातसुद्धा.

बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं. थंडी असो, बर्फ असो, खेप चुकवायची नाही. चुकली की अंगात पाणी साठतं, छातीत चढतं, आणि ती उशीला टेकून बसल्या बसल्या श्वास हुडकत राहते. ते मी एकदा बघितलंय. पुन्हा बघायची माझी छाती नाही.

म्हणून या वर्षी मुलानं आधीच तयारी केली. गाडीला बर्फाचे टायर घातले, बॅटरी तपासून घेतली, काच धुवायच्या टाकीत न गोठणारं निळं पाणी भरलं. डिकीत फावडं, वाळूची पिशवी, दोन घोंगड्या, टॉर्च.

"बिऱ्हाड हलवतोयस काय रे?" मी म्हटलं.

"बाबा, रस्त्यात अडकलं तर लागतं सगळं."

"आम्ही घाटात एक पाना आणि एक दोरी घेऊन हिंडलो."

"घाटात बर्फ होतं का?" म्हणाला आणि हसला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कामाला विमानानं कॅलिफोर्नियाला गेला. आता गाडी चालवणार सूनबाई. मला इथं चालवायला देत नाहीत. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला परीक्षा द्यायला लावतात म्हणे. मी दिली नाही.

टीव्हीवर बर्फाचा इशारा आला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पडणार, म्हणून डायलिसिसच्या सेंटरनं आम्हाला सकाळची पहिली पाळी दिली. आणि माझ्या मनात आलं, गाडीला नवे टायर घातले, पण पूजा कुठं झाली? आमच्याकडं नवीन चाक लागलं की नारळ फुटल्याशिवाय गाडी हलत नाही. पोरं हे विसरली. मागची घसरण मला दिसायला लागली.

पण पूजा करायची कशाची? गाडी मिठानं पांढरीफटक झालेली. इथं रस्त्यावर मीठ टाकतात, ते सगळं अंगाला चिकटतं. तसल्या पारोशा गाडीला कुंकू लावायचं? दुपारी चांगलं ऊन होतं. गॅरेजमध्ये खोक्यांचा डोंगर, त्यामुळं गाडी बाहेरच उभी असते. सूनबाई वर मीटिंगमध्ये. मी स्वयंपाकघरातनं बादल्या भरभरून कोमट पाणी नेलं आणि गाडीला शिकेकाईशिवाय सगळं केलं. दारांच्या फटी, हँडलं, चाकं, सगळं धुतलं. मग बॉनेटवर स्वस्तिक, चाकांना हळदकुंकू, नारळ फोडला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. बायको काचेतनं बघत होती. आत आलो तर म्हणाली, "माझ्या डोक्यावरनं इतकं पाणी कधी घातलं नाहीत."

सकाळी अंधारात आम्ही बाहेर आलो. पोर्चमध्ये बायको दोन स्वेटर, शाल, टोपी घालून उभी. सूनबाईनं घरातनंच रिमोटनं गाडी चालू केली होती. इंजिन घरघरत होतं, दिवे लागलेले. आणि दार उघडेना.

चारही दारं चिकटलेली. डिकीसुद्धा. फटीत गेलेलं माझं पाणी रात्रीत गोठलं होतं. मी हँडल धरून जोर लावला.

"बाबा, ओढू नका! रबर फाटेल, हँडल तुटेल."

"मग काय आरती म्हणू?"

"तुम्ही धुतलीत का गाडी? या थंडीत?"

मी आत जाऊन गरम पाण्याची किटली घेऊन आलो. ती आडवी आली. "नाही हं! गरम पाण्यानं काच तडकेल. प्लीज बाबा, ठेवा ते."

किटली पायरीवर ठेवली. डिकीतलं फावडं, वाळू, घोंगड्या सगळं आत कुलूपबंद, आणि आम्ही बाहेर. सेंटरवर आमची पाळी थांबणार नव्हती. मागून दुसरे पेशंट असतात. मागं वळून बायकोकडं बघितलं नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"ओढायचं नाही, आत दाबायचं," सूनबाई म्हणाली. तिनं तळव्यांनी दाराच्या कडा दाबायला सुरुवात केली. मी खांदा लावला, जीप चिखलातनं काढताना लावायचो तसा. गाडी डोलायला लागली. आतनं हीटर तापत होता. कडेकडेनं कटकट आवाज यायला लागला. मग एकदम चर्रर्र झालं आणि मागचं दार सुटलं. सूनबाई त्यातनंच आत शिरली, पुढं सरकली आणि आतनं ढकलून स्वतःचं दार मोकळं केलं.

"उघडलं का हो?" बायकोनं विचारलं. "मला वाटलं, आज पूजेवरच भागवायचं."

गाडी निघाली तेव्हा चाकांखाली लिंबं दगडासारखी कडाडली. रस्ता काळा, चकचकीत. ओला की गोठलेला, दिसत नव्हतं. पुढच्या ट्रकनं मिठाचा राडा काचेवर उडवला. सूनबाईनं निळं पाणी मारलं आणि काच उजळली. त्या सिग्नलला गाडी हळूहळू आली आणि थांबली. मी बायकोचा डावा हात धरला होता. डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून जोडलेली नस तिथं कातडीखाली सारखी झिणझिणते, मधमाशी धरल्यासारखी. ती हाताला लागत होती तोवर मला बाकी काही नको होतं.

सेंटरवर पोचल्यावर बायको आत मशीनवर गेली. सूनबाई कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, आता पूजा उन्हाळ्यात करू या का?"

"पूजेनंच पोचलो," मी म्हटलं.

तिच्याकडनं किल्ली मागून घेऊन मी पार्किंगमध्ये गेलो. एकेक दार उघडलं, मफलर काढला आणि रबराच्या खोबणीतलं पाणी टिपायला बसलो. हीटरनं विरघळलेलं बरंच होतं. बोटं बधिर झाली. शेवटच्या दाराला होतो तेव्हा बाहीवर काहीतरी पांढरं पडलं. वर बघितलं. दुपार व्हायला अजून वेळ होता, पण बर्फ सुरू झालं होतं, आणि तिला अजून घरी न्यायचं होतं.

मफलर पिळला आणि ते दार पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतलं.