विहिरीपलीकडचा पट्टा

उजनीचं पाणी ओसरू लागलं की आमच्या भिगवणकडची माणसं काठावर उभी राहून जमीन वर यायची वाट बघतात. धरणात गेलेली रानं उन्हाळ्यात काही महिने उघडी पडतात. ती आता सरकारची, हक्काचा कागद कुणाकडेच नाही. तरी पूर्वी ज्याचं रान जिथं होतं, तिथल्या गाळात त्यानंच मका-कलिंगड लावायचं, ही गावची रीत. सगळं शब्दावर चालतं. शहरातल्या नणंदेला मी तोऱ्यात सांगायचे, "आमच्याकडे पाण्याखालचा बांधसुद्धा कुणी सरकवत नाही."

आमचा पट्टा जुन्या विहिरीपासून चिंचेच्या बुंध्यापर्यंत. बुंध्यापलीकडे माझ्या चुलत्यांचं, तात्यांचं रान. ही हद्द मला लहानपणी तात्यांनीच दाखवली होती, बोट धरून, चिखलातून चालवत. म्हणाले होते, "पोरी, ह्यो बुंधा ध्यानात ठेव. तुझा बा इसरभोळा हाय."

वडील गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी बियाणं घेऊन रानात गेले, तर तात्यांचा ट्रॅक्टर बुंधा ओलांडून थेट विहिरीपर्यंत फिरलेला. आमचा अख्खा पट्टा नांगरून झाला होता.

"तात्या, चुकून वढलं का ओ?"

"चुकून कशाला? हद्द हिरीचीच हाय की."

कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर हसून दाखवलं. माझं डोकं सणकलं. मी देवळापुढं चार माणसं जमवली. त्यातले दोन म्हातारे बुंध्याची साक्ष द्यायला तयार होते. तिथं मी शहाणपणा केला. म्हटलं, "साक्ष नको. तात्यांनी भंडारा उचलून सांगावं."

आमच्याकडे खंडोबाचा भंडारा उचलला की वाद संपतो, मागून कुणी तोंड उघडायचं नसतं. तात्या कपाळाला भंडारा लावल्याशिवाय घास घेत नाहीत, हे मी जन्मापासून बघत आलेले. हा माणूस भंडाऱ्यावर खोटं बोलणार नाही, याची मला माझ्या नावाइतकी खात्री होती. खरं सांगते, मला पट्टा हवाच होता, पण त्याहून जास्त मला तात्यांचा हात थांबलेला बघायचा होता.

हात थांबला नाही. मूठभर भंडारा उचलून ते म्हणाले, "हद्द हिरीची हाय." आवाजही हलला नाही. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. एकानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची तोंडं मीच बंद केली होती.

शपथ घेणाऱ्यानं समोरच्याला भंडारा लावायचा आणि मनातलं किल्मिष तिथंच सोडायचं, अशी आमची पद्धत. तात्या जवळ आले, अंगठा माझ्या कपाळावर टेकवला आणि मायेनं म्हणाले, "सुखी ऱ्हा, पोरी."

आणि मी, सवयीनं, वाकून त्यांच्या पाया पडले.