वामनचा धडा मी घेत असे

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. वामनच्या आईला नाही — ती गेली तेव्हा तिच्या उशाशी बसलो होतो, तेव्हाही नाही. तुम्हांला का सांगतो आहे, ते मलाच कळत नाही. जीभ रेटत नाही हो, म्हणून जरा दमानं घेतो.

ठाण्याच्या कचेरीत मी मराठी दप्तराचा कारकून. माझं मोडी अक्षर बघून वरचे लोक मान डोलवत. तळ्याजवळच्या आमच्या आळीत माझा दरारा होता. रोज गोऱ्या साहेबासमोर उभा राहणारा माणूस, त्याला इंग्रजी येतच असणार, असं लोक धरून चालले. येतं, असं मी कधी म्हटलं नाही. पण येत नाही, असं तरी कुठे म्हटलं? 'यस सर', 'नो सर', 'व्हेरी गुड सर' — इथे माझं इंग्रजी संपत होतं.

वामन माझा एकुलता मुलगा. पाढे, पावकी, निमकी, त्रैराशिक, सगळं मीच शिकवलं, आणि पोरगं असं चलाख की हिशेब तोंडीच करून मोकळं व्हायचं. खाडीवरचा रेल्वेचा पूल बघत तासन्‌तास बसायचा. मोठेपणी असे पूल बांधायचे, म्हणायचा. त्याला मॅट्रिक हवी. म्हणून इंग्रजी शाळेत घातला, आणि वरच्या इयत्तेत सगळंच इंग्रजीतून — इतिहास, भूगोल, अहो, गणितसुद्धा! ज्याला ती भाषा उमगली नाही, त्याचे सगळेच विषय बुडाले. हे मला ठाऊक होतं बरं का. ठाऊक नव्हतं म्हणून सुटायची सोय नाही.

एका संध्याकाळी तो पुस्तक घेऊन ओटीवर आला. "अप्पा, या वाक्याचा अर्थ काय हो?" — इतकंच. शेजारी आळीतली चार माणसं बसलेली. मी पुस्तकात पाहिलं. एक अक्षर कळेना. आणि मी काय केलं? त्याच्या कानाखाली वाजवली. वर्गात झोपा काढतोस काय रे, म्हणून ओरडलो. त्यानंतर त्यानं मला कधीच काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याचा धडा घेऊ लागलो. दिवेलागणीला परवचा झाली की तो उभा राहून इंग्रजी धडा म्हणायचा, आणि मी डोळे मिटून, मांडी हलवत ऐकायचो. अडखळला की रट्टा, धडाधड म्हटला की शाबास. बाप असावा तर असा, असं लोक म्हणत. समोरच्या घरात एक तरुण मास्तर राहत. ते एकदा आपण होऊन म्हणाले, "अप्पासाहेब, मी बघतो ना तासभर त्याचं. मला काही जड नाही." मी म्हटलं, कशाला उगाच, मी घेतोच आहे. वामन दारातच उभा होता. त्याच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही.

आणि मग — एका सकाळी मी देवाला गंध लावत होतो. तोंडात स्तोत्र. ते केव्हा थांबलं कोण जाणे, आणि माझ्याच तोंडून वामनचा धडा बाहेर पडू लागला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता! रोज नवा धडा असता तर मला तो पाठ कसा झाला असता? पोर कित्येक महिने तोच एक धडा म्हणत होतं. बापाला इंग्रजी येत नाही, हे त्यानं केव्हाच ओळखलं होतं.

परीक्षेला अजून अवकाश होता. मास्तरांचं दार समोर, आळी ओलांडायची तेवढी. पण त्यांना सांगायचं काय? मला कळत नाही, हे तीन शब्द — ते माझ्याच्यानं निघाले असते का? मी आळी ओलांडली नाही. संध्याकाळी वामननं तोच धडा म्हटला आणि मी — मी शाबास म्हणालो.

मॅट्रिकला तो आपटला. गणितातसुद्धा. निकाल कळला त्या दिवशी ओटी माणसांनी भरलेली. मास्तरांनी हळूच विचारलं, "वामन, अप्पा रोज घेत होते ना रे तुझं?" पोरानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, "अप्पा घेत होते. मीच त्यांना फसवलं."

तेव्हा तरी बोलावं की नाही? मी उठलो आणि सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडलो. "ऐकलंत? माझ्या डोळ्यांत धूळ फेकली कार्ट्यानं!"

वामन आता कल्याणला भाताच्या वखारीत पोती मोजून घेतो. सणावाराला येतो, वाकून नमस्कार करतो. बापानं एवढं केलं आणि यानं मातीत घातलं, असं अजून कोणीतरी बोलतंच. तो ऐकून घेतो. मीही.

तो धडा मला अजून तोंडपाठ आहे. त्याचा अर्थ काय, ते मी आजवर कोणालाही विचारलेलं नाही.