पूजेला बसवलेली उशी

कोपरीतून निघाले तेव्हा बाबांनी माझ्या बॅगेत पेन्सिल सेलचं अख्खं पाकीट कोंबलं. तिकडे महाग असतात, म्हणाले. मी नेदरलँड्सला निघाले होते ती शरीरात बसवायची, बॅटरीच न लागणारी उपकरणं बनवायला. हे त्यांना कितीदा सांगितलं होतं, तरी सेल बॅगेत गेलेच. घर सोडून गेलेल्या तुम्हालाही ठाऊक असेल, बाहेर लोक आपलं ऐकतात, घरी कुणी ऐकत नाही.

आई गेल्यावर बाबांचं हृदय कुरकुरू लागलं. छातीत पाणी साठायचं आणि कळायचं ते धाप लागल्यावर. म्हणून ठाण्याच्या डॉक्टरांनी हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत तसाच एक सेन्सर बसवला. आत बॅटरी नाही, म्हणजे ती बदलायला पुन्हा चिरफाड नाही. रोज एका खास उशीवर आडवं व्हायचं. उशीतल्या कॉइलमधून सेन्सरला वीज मिळते, तेवढ्यापुरता तो जागा होतो, दाब सांगतो आणि गप्प बसतो. आकडा डॉक्टरांकडे जातो, माझ्या फोनवरही येतो. बाबांनी फक्त पडून राहायचं. तेही जमू नये?

गेल्या नवरात्रात आकडा चढत होता आणि नेमका खंडेनवमीला तो आलाच नाही. दसऱ्यालाही नाही. घाबरून व्हिडिओ कॉल केला, तर बाबांना धाप लागलेली आणि उशी पाटावर, भोवती रांगोळी, वर झेंडूचा हार. पूजेला ठेवलेलं हत्यार वापरायचं नसतं, हे वर मलाच ऐकवलं. माझं डोकंच फिरलं.

“वर्षभर राबतं ते,” बाबा म्हणाले. “त्याला दोन दिवस विश्रांती नको?”

“बाबा, त्यात बॅटरीसुद्धा नाही. ते दमत नाही.”

“मग मी दमलो असं समज. रोज एकटाच आडवा होतो, एकटाच उठतो.”

“मी आहे फोनवर, पडा आता,” मी म्हणाले. त्यांनी हार काढला, आकडा गेला, डॉक्टरांनी गोळी वाढवली, दोन-चार दिवसांत धाप उतरली.

माझी चिडचिड मात्र उतरलेली नाही. आता मी फोन लावल्याशिवाय ते उशीला पाठ टेकत नाहीत. मीटिंग सोडून मी कॉरिडॉरमध्ये उभी, ते छताकडे बघत नळाचं पाणी किती वाजता गेलं ते सांगणार, मी “हलू नका” म्हणून ओरडणार. कोपरीचं घर माझ्यासाठी आता एवढंच उरलंय. आणि एखाद्या दिवशी फोन करायला उशीर झाला, तर तो आकडा येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.